जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालवताना: आधी काय, मग काय

नवा पीसी आला की जुनी सीडी घालायची, सेटअपवर डबल क्लिक करायचं, चाललं नाही तर कम्पॅटिबिलिटीमध्ये 'विंडोज एक्सपी' निवडायचं आणि तरीही हललं नाही की सॉफ्टवेअरवाल्याच्या नावानं शिमगा करायचा. बहुतेक ठिकाणी हाच क्रम चालतो, आणि तो उलटा आहे. कम्पॅटिबिलिटी मोड, म्हणजे प्रोग्रामला जुन्या विंडोजचा भास करून देणारी सेटिंग, ही शेवटाकडची पायरी. त्याआधी प्रोग्राम कोणत्या जातीचा (सोळा, बत्तीस की चौसष्ट बिटचा) आहे, त्याचा डेटा कुठे पडतो आणि त्याला कोणती वायर, डोंगल (पोर्टला लावायची परवान्याची किल्ली) किंवा प्रिंटर लागतो, हे ठरायला हवं.

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या पेढीचा फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमधला हिशेब, मार्केट यार्डातल्या गूळ अडत दुकानाचं पट्टीचं (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या कागदाचं) सॉफ्टवेअर, छापखान्यातलं पानं लावायचं पेजमेकर, शिवाजी उद्यमनगरातल्या शॉपमध्ये सीएनसीला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनला) प्रोग्राम पाठवणारं जुनं सॉफ्टवेअर, वजनकाट्याचा प्रोग्राम, अशी कामं डोळ्यांसमोर ठेवून पुढचे टप्पे लिहिले आहेत. टप्प्यांचा क्रम बदलू नका. मधला टप्पा तुम्हाला लागूच होत नसेल, तर तो खुशाल सोडा.

टप्पा १: जुनं मशीन चालू आहे तोवर

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. जुना पीसी भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये गेल्यावर 'डेटा कुठे होता' हा प्रश्न पडून उपयोग नाही.

१. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. 'टार्गेट' आणि 'स्टार्ट इन' या दोन्ही ओळी जशाच्या तशा लिहून घ्या किंवा मोबाइलवर फोटो काढा. 'स्टार्ट इन' चुकलं की प्रोग्राम उघडतो, पण यादी रिकामी दिसते.

२. डेटा नेमका कुठे पडतो ते अंदाजानं ठरवू नका. प्रोग्राममध्ये एक खोटी नोंद करा, सेव्ह करा, बाहेर पडा. मग पूर्ण ड्राइव्हवर गेल्या दहा मिनिटांत बदललेल्या फाइल शोधा. ज्या फोल्डरमधल्या डीबीएफ, एफपीटी, सीडीएक्स, एनटीएक्स किंवा एमडीबी फाइलची वेळ आत्ताची दिसेल, तो खरा डेटा. नंतर ती खोटी नोंद काढून टाका.

३. फक्त डेटा नको, प्रोग्रामचं पूर्ण फोल्डर कॉपी करा. डीबीएफ घेतली आणि शेजारची एफपीटी राहिली, तर शेरे आणि पत्ते असलेली मेमो फील्ड गेलीच म्हणून समजा. कॉपी करताना प्रोग्राम सगळ्या टर्मिनलवर बंद असला पाहिजे.

४. पुढच्या गोष्टींचे फोटो काढा: कंट्रोल पॅनलमधला तारखेचा नमुना, प्रिंटरचं नाव आणि पोर्ट, ओडीबीसीमधली (प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणाऱ्या सोयीतली) नावं, डिव्हाइस मॅनेजरमधली कॉम (सीरियल) पोर्टची सेटिंग. डॉसचा (विंडोजआधीच्या काळ्या स्क्रीनचा) प्रोग्राम असेल तर ऑटोएक्झेक आणि कॉन्फिग या दोन फाइलही घ्या. त्यातल्या 'फाइल्स' आणि 'सेट' या शब्दांनी सुरू होणाऱ्या ओळी पुढे लागणार आहेत.

५. विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्सचं फोल्डर वेगळं कॉपी करा.

६. जमलं तर आख्ख्या हार्ड डिस्कची प्रतिमा घ्या. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं 'डिस्क टू व्हीएचडी' हे मोफत साधन चालू मशीनची एका व्हीएचडी फाइलमध्ये, म्हणजे आभासी डिस्कमध्ये, प्रत काढतं. ती प्रत त्याच डिस्कवर नको, बाहेरच्या यूएसबी डिस्कवर घ्या. टप्पा ८ मध्ये हीच फाइल कामाला येते.

सावधान: बॅकअपची एक प्रत दुकानाबाहेर, वरच्या मजल्यावर हवी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीच्या दुकानांत शिरलं, तेव्हा पीसी आणि त्याच्याच खालच्या कप्प्यातली बॅकअप डिस्क दोन्ही एकदमच बुडणार होत्या. एकाच टेबलातल्या दोन प्रतींना एकच प्रत मोजा.

वेळही बघा. गुळाचे सौदे जोरात असताना किंवा मार्चअखेरीला हे काम काढू नये. अडत दुकानाला पावसाळ्याचा काळ बरा.

तपासा: बॅकअपचं फोल्डर दुसऱ्या कुठल्याही मशीनवर उघडून फाइलींची संख्या आणि एकूण आकार मूळ फोल्डरशी जुळतो का पाहा. पेन ड्राइव्हवर कॉपी झाली असं नुसतं दिसणं पुरेसं नाही.

टप्पा २: प्रोग्रामची जात ओळखा

चौसष्ट बिटच्या विंडोजवर सोळा बिटचा प्रोग्राम चालत नाही. कोणतीही सेटिंग केली तरी नाही, कारण तो चालवणारा भागच त्या विंडोजमध्ये ठेवलेला नाही. बत्तीस बिटच्या विंडोज १० मध्ये तो भाग चालू करता यायचा. विंडोज ११ ची बत्तीस बिट आवृत्ती निघालीच नाही. त्यामुळे 'काल जुन्या लॅपटॉपवर चालत होतं' हा युक्तिवाद इथे टिकत नाही.

ओळखायची रीत सोपी आहे. प्रोग्रामच्या ईएक्सई फाइलची एक प्रत काढा आणि ती नोटपॅडमध्ये उघडा. सगळी गिचमिड दिसेल, पण सुरुवातीला 'एम' आणि 'झेड' ही रोमन अक्षरं असतील. त्यानंतर पहिल्या काही ओळींत शोधा:

- 'पी ई' आणि त्यापुढे 'एल': बत्तीस बिटचा विंडोज प्रोग्राम. टप्पा ३ कडे जा.
- 'पी ई' आणि त्यापुढे लहान 'डी': चौसष्ट बिट. अडचण दुसरीकडे आहे, बहुधा ड्रायव्हर किंवा परवानगीत.
- 'एन ई': विंडोज ३.१ च्या काळातला सोळा बिटचा प्रोग्राम. टप्पा ४.
- यातलं काहीच नाही: शुद्ध डॉस. टप्पा ४.

नोटपॅड बंद करताना सेव्ह करू नका. केलंत तर ती प्रत निकामी होते, म्हणूनच मूळ फाइल उघडायची नाही.

दुसरी खूण: फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'कम्पॅटिबिलिटी' हा टॅबच दिसत नसेल, तर प्रोग्राम बहुधा सोळा बिटचा आहे.

आता एक गोष्ट जी हमखास चुकते. ही तपासणी सेटअपच्या फाइलवर करून थांबू नका, प्रत्यक्ष प्रोग्रामवरही करा. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या कितीतरी सीडींवर प्रोग्राम बत्तीस बिटचा आणि त्याचा सेटअप मात्र सोळा बिटचा असतो. सेटअप 'हे ॲप तुमच्या पीसीवर चालत नाही' म्हणतो आणि माणूस प्रोग्रामच सोडून देतो. अशा वेळी जुन्या मशीनवरचं इन्स्टॉल झालेलं फोल्डर उचलून आणलं, तर बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. टप्पा १ मधलं पूर्ण फोल्डर यासाठीच घेतलंय.

टप्पा ३: बत्तीस बिटचा प्रोग्राम बसवणं

इथे सगळा खेळ जागेचा आहे. सेटअप विचारेल, कुठे बसवू? तो स्वतःहून प्रोग्राम फाइल्स सुचवेल. ते घेऊ नका.

कारण असं. एक्सपीच्या काळातले प्रोग्राम आपला डेटा आपल्याच फोल्डरात लिहितात. व्हिस्टापासून पुढे विंडोज साध्या युजरला प्रोग्राम फाइल्समध्ये लिहू देत नाही. पण जुना प्रोग्राम अडू नये म्हणून ते एक लबाडी करतं. लिहिलेली फाइल गुपचूप त्या युजरच्या ॲपडेटा फोल्डरातल्या 'व्हर्च्युअल स्टोअर' नावाच्या जागी ठेवतं आणि प्रोग्रामला वाटतं, आपल्याच घरात लिहिलं. परिणाम काय? दिवाणजींनी त्यांच्या लॉगिनमधून केलेल्या नोंदी मालकांच्या लॉगिनमध्ये दिसत नाहीत. 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडलं की तिसराच डेटा दिसतो. बॅकअप प्रोग्रामच्या फोल्डरचा घेतला जातो आणि खरा डेटा त्यात नसतोच. 'कॉम्प्युटरनं एंट्र्या खाल्ल्या' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. जुनं मशीन विंडोज ७ चं असेल, तर तिथेही व्हर्च्युअल स्टोअर उघडून पाहा. अलीकडचा डेटा तिथे सापडू शकतो.

म्हणून क्रम असा ठेवा:

१. सिस्टिम प्रोटेक्शन चालू आहे का पाहा, नसेल तर चालू करा आणि रिस्टोअर पॉइंट बनवा.

२. सी ड्राइव्हवर थेट एक फोल्डर करा. नाव इंग्रजीत, आठ अक्षरांच्या आत, मध्ये स्पेस नाही. जुन्या प्रोग्रामना लांब नावं आणि स्पेस पचत नाहीत. जुन्या मशीनवर जे नाव होतं तेच ठेवलं तर उत्तम, कारण काही प्रोग्राममध्ये पूर्ण पत्ता आतच लिहिलेला असतो.

३. विंडोज फीचर्समध्ये जाऊन डॉटनेट फ्रेमवर्क ३.५ वर खूण करा. २.० आणि ३.० वर बनलेले प्रोग्रामही त्यातच भागतात. डॉटनेट ४.८ आधीच आहे म्हणून ३.५ लागणार नाही, हा गैरसमज आहे.

४. डोंगल असेल तर ते काढून ठेवा. आधी ड्रायव्हर, मग रीस्टार्ट, मग डोंगल.

५. सेटअपवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करा आणि वर बनवलेलं फोल्डर निवडा.

६. साध्या युजरनं लॉगिन करून प्रोग्राम उघडा, एक नोंद करा. सेव्ह होत नसेल तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधल्या सिक्युरिटी टॅबमध्ये 'यूजर्स' गटाला 'मॉडिफाय' परवानगी द्या. प्रत्येक वेळी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवणं हा उपाय नव्हे. त्यानं पुढे मॅप केलेले ड्राइव्ह आणि मराठी कीबोर्ड दोन्ही गायब होतात.

'ओसीएक्स सापडत नाही' असा संदेश आला तर तो प्रोग्राम बहुधा व्हिज्युअल बेसिक ६ चा आहे. त्याचा मुख्य रनटाइम विंडोजमध्ये अजून येतो. जोडीच्या ओसीएक्स फाइली मात्र सोबतच्या सेटअपनं आणायच्या असतात. ती फाइल जुन्या मशीनच्या सिस्टिम-३२ फोल्डरातून घ्या आणि नव्या मशीनवर 'सिस-वाव-६४' या फोल्डरात ठेवा. नावं उलटी वाटतील, पण चौसष्ट बिटच्या विंडोजमध्ये बत्तीस बिटच्या फाइली त्या चौसष्टवाल्या फोल्डरातच राहतात. मग ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमधून त्याच फोल्डरातल्या रेगसर्व्हर-३२ नं ती नोंदवा. ओडीबीसीचंही तसंच. बत्तीस बिटच्या प्रोग्रामसाठी बत्तीस बिटचं ओडीबीसी ॲडमिनिस्ट्रेटर उघडायचं, नाहीतर बनवलेली नोंद प्रोग्रामला दिसत नाही.

सावधान: 'डीएलएल मोफत डाउनलोड' छापाच्या साइटवरून फाइली आणू नका. तुमच्याच जुन्या मशीनवर त्या आहेत.

आता, आणि आत्ताच, कम्पॅटिबिलिटी टॅब. एका वेळी एकच खूण करा आणि चालवून पाहा. पाच खुणा एकदम केल्या की कशानं चाललं ते कळत नाही आणि पुढच्या बिघाडाला धागा राहत नाही. आधी विंडोज ७, मग एक्सपी सर्व्हिस पॅक ३. खिडकी बुटकी दिसत असेल, अक्षरं फाटत असतील किंवा सेव्हचं बटण स्क्रीनबाहेर जात असेल, तर हाय डीपीआय सेटिंगमध्ये 'ओव्हरराइड' करून 'सिस्टिम' निवडा. रंग विचित्र असतील तरच कमी रंगांचा पर्याय वापरा.

तरीही प्रोग्राम न बोलता बंद होत असेल, तर सिसइंटर्नल्सचं 'प्रोसेस मॉनिटर' चालवा, फक्त त्या प्रोग्रामचं नाव गाळणीत (फिल्टरमध्ये) घाला आणि निकालाच्या रकान्यात 'ॲक्सेस डिनाइड' आणि 'नेम नॉट फाउंड' शोधा. बंद पडण्याच्या लगेच आधीच्या ओळींत अडलेली फाइल बहुतेकदा नावासकट दिसते.

तपासा: तारीख. भारतीय सेटिंगमध्ये विंडोज तारखेत आडवी रेघ वापरतं, जुने प्रोग्राम तिरपी रेघ शोधतात. रीजन सेटिंगमध्ये नमुना जुन्या मशीनसारखा करा. मग ४ मे ची एक नोंद आणि ३१ मार्चची एक नोंद करून दोन्ही अहवालात पाहा. ४ मे चा ५ एप्रिल झाला असेल तर पुढे जाऊ नका. तिथेच दोन अंकी वर्ष कोणत्या शतकात धरायचं तो पर्यायही आहे, तोही बघून ठेवा. रकमेआधी प्रश्नचिन्ह दिसत असेल तर चलनाच्या चिन्हाच्या जागी 'रु.' रोमन अक्षरांत लिहा. नवं रुपयाचं चिन्ह जुन्या प्रोग्रामच्या अक्षरसंचात नाही.

टप्पा ४: डॉस आणि सोळा बिट

विंडोज ३.१ च्या प्रोग्रामसाठी 'वाइनव्हीडीएम' नावाचं मोफत साधन आहे, ते आधी पाहा. डॉससाठी डॉसबॉक्स सगळ्यांना माहीत असतं, पण ते मुळात खेळांसाठी बनलंय. छपाई आणि एकाच फाइलवर दोघांनी काम करणं या गोष्टी त्याच्या वाट्याच्या नाहीत. हिशेबाच्या कामाला 'व्हीडॉस' किंवा 'डॉसबॉक्स-एक्स' घ्या.

१. प्रोग्रामचं फोल्डर जुन्याच ड्राइव्ह अक्षरावर दिसेल असं जोडा. जुना पत्ता सी ड्राइव्हचा असेल तर आतही सी च हवा.

२. कॉन्फिग फाइलमधला 'फाइल्स'चा आकडा जुन्याइतका किंवा जास्त ठेवा. फॉक्सप्रो आणि क्लिपरचे प्रोग्राम एकाच वेळी पुष्कळ फाइली उघडतात. आकडा कमी पडला तर मेनू येतो, पण अहवाल काढताना प्रोग्राम कोसळतो.

३. 'डिस्कवर जागा नाही' असा संदेश आला आणि डिस्क तर अर्धी रिकामी आहे, तर घाबरू नका. जुना प्रोग्राम मोकळी जागा मोजताना मोठ्या आकड्याला गोंधळतो. डिस्क मॅनेजमेंटमधून एक जीबीची व्हीएचडी बनवून प्रोग्राम त्यावर ठेवला की भागतं.

४. 'रनटाइम एरर २००' आली तर तो टर्बो पास्कलचा प्रोग्राम आहे. प्रोसेसर फार वेगवान असल्यानं सुरुवातीचा भागाकार फसतो. डॉसबॉक्समध्ये सायकल्सचा आकडा कमी करा.

सावधान: प्रोग्राममधून रीतसर बाहेर पडा, मगच खिडकी बंद करा. वरच्या फुलीवर क्लिक केलं की उघड्या डीबीएफची शेवटची नोंद आणि इंडेक्स दोन्ही जाऊ शकतात. कामाला बसणाऱ्या प्रत्येकाला हे सांगा.

डेटा आणल्यावर पहिल्याच दिवशी प्रोग्राममधला 'रीइंडेक्स' चालवा. खाती आहेत पण शोधल्यावर सापडत नाहीत, याचं कारण बहुतेकदा शिळा इंडेक्स.

टप्पा ५: डॉट मॅट्रिक्सवर छपाई

जुना प्रोग्राम प्रिंटर ओळखत नाही, तो एलपीटी-१ या जुन्या पॅरलल पोर्टवर थेट अक्षरं ओततो. नव्या पीसीला तो पोर्टच नाही. प्रोग्राम बत्तीस बिटचा असेल तर:

१. यूएसबी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर बसवून विंडोजचं टेस्ट पेज काढा. ते निघेपर्यंत पुढे काही करू नका.

२. प्रिंटर शेअर करा. शेअरचं नाव इंग्रजीत, छोटं, स्पेसशिवाय.

३. साधा कमांड प्रॉम्प्ट उघडा, ॲडमिनिस्ट्रेटरचा नको. 'नेट यूज' या कमांडनं एलपीटी-१ ला कॉम्प्युटरचं नाव आणि शेअरचं नाव जोडा आणि शेवटी 'पर्सिस्टंट येस' लिहा, म्हणजे रीस्टार्टनंतरही जोड टिकते. ॲडमिनिस्ट्रेटर खिडकीत केलेली जोड साध्या प्रोग्रामला दिसत नाही. इथेच बरेच जण अडकतात.

४. दोन ओळींची एक साधी टेक्स्ट फाइल कॉपी कमांडनं एलपीटी-१ वर पाठवा. कागदावर आली तर जोड बरोबर. त्यानंतरही प्रोग्राममधून येत नसेल तर दोष प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये.

डॉसच्या प्रोग्रामला ही जोड लागत नाही. व्हीडॉस किंवा डॉसबॉक्स-एक्सच्या स्वतःच्या प्रिंटर सेटिंगमधून ते काम होतं.

स्वस्तातल्या लेझर आणि इंकजेट प्रिंटरना अशी कच्ची अक्षरं कळत नाहीत. कागद कोरा तरी येतो किंवा पानंच्या पानं कचरा. त्यात वेळ घालवू नका.

पट्टी दर पानाला थोडी थोडी खाली सरकत असेल, तर कागदाचं माप चुकलंय. १२ इंची सलग कागदावर इंचाला ६ ओळींनी ७२ ओळी बसतात, ६ इंचीवर ३६. ड्रायव्हरमध्ये ए-४ राहिलं की घडीची रेघ आणि छपाई जुळत नाही. प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये त्या मापाचा नवा फॉर्म बनवा आणि प्रिंटरला तोच द्या.

टप्पा ६: जुने मराठी फॉन्ट

छापखान्यांची रड इथे असते: प्रोग्राम चालतो, फॉन्ट यादीत नाही, किंवा आहे पण रफार आणि जोडाक्षरं फुटतात.

फॉन्ट यादीत नसेल तर तो बहुधा फक्त एका युजरपुरता बसला आहे. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून नुसतं 'इन्स्टॉल' म्हटलं की तसंच होतं आणि काही जुने प्रोग्राम असे फॉन्ट बघतच नाहीत. आधीचा काढा आणि राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' करा. शेकडो फॉन्ट एकदम बसवू नका. ज्यांवर रोज काम चालतं तेवढे आधी.

जोडाक्षरं फुटत असतील तर रीजनमध्ये 'नॉन-युनिकोड प्रोग्रामची भाषा' उघडा. तिथे यूटीएफ-८ ची 'बीटा' म्हणून जी खूण आहे ती काढा आणि भाषा इंग्रजी ठेवा. मराठी सॉफ्टवेअर म्हणून मराठी निवडायचा मोह होईल, आवरा. हे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवून बनलेले आहेत. अर्धी अक्षरं, रफार, मात्रांचे प्रकार १२८ ते २५५ या क्रमांकांवर ठेवलेले असतात. यूटीएफ-८ ची खूण पडली की नेमक्या त्याच जागांचा अर्थ बदलतो. 'कमल' नीट दिसतं आणि 'कीर्ती'चं वाटोळं होतं, ते यामुळे.

कीबोर्डचा प्रोग्राम चालू आहे, नोटपॅडमध्ये मराठी उमटतं, पण पेजमेकरमध्ये इंग्रजीच येतं? पेजमेकर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलंय. खालच्या दर्जाच्या प्रोग्रामला वरच्या दर्जाच्या प्रोग्राममधल्या कळा विंडोज पकडू देत नाही. दोन्ही साधे चालवा, ते जमतच नसेल तर दोन्ही ॲडमिनिस्ट्रेटर.

तपासा: 'कोल्हापूर, अंबाबाई, श्रीक्षेत्र, राष्ट्र, वऱ्हाडी, उद्घाटन, ज्ञान, कीर्ती' ही ओळ टाइप करून प्रिंट काढा आणि पीडीएफही करा. स्क्रीनवर बरोबर दिसून पीडीएफमध्ये फुटली, तर फॉन्ट पीडीएफमध्ये एम्बेड झालेला नाही. लग्नपत्रिका छापून झाल्यावर हे कळू नये.

टप्पा ७: कॉम पोर्ट आणि डोंगल

सीएनसी किंवा वजनकाट्याला आरएस-२३२ ची वायर लागते, म्हणजे यूएसबी कन्व्हर्टर आला. चिप कोणती ते विचारून घ्या. जुन्या प्रोलिफिक चिपचे आणि त्यांच्या नकलांचे कन्व्हर्टर विंडोज ११ वर चालत नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण येते आणि नावाच्या जागीच ती चिप २०१२ पासून बंद झाल्याचं लिहिलेलं दिसतं. एफटीडीआय चिपचा थोडा महाग पडतो, पण तोच घ्या.

जुने प्रोग्राम कॉम १ ते ४ एवढेच दाखवतात आणि विंडोज कन्व्हर्टरला कॉम ७ वगैरे देऊन मोकळं होतं. डिव्हाइस मॅनेजर, पोर्ट, पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड इथे जाऊन नंबर २ किंवा ३ करा. मग बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट हे मशीनच्या पॅरामीटरशी तंतोतंत जुळवा. फानुक कंट्रोलवर ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट ही मांडणी नेहमी दिसते, तर विंडोज ८, नन, १ धरून बसतं. लांब प्रोग्राम मध्येच तुटत असेल तर दोन्हीकडे एक्सऑन-एक्सऑफ चालू आहे का पाहा आणि पॉवर प्लॅनमधलं यूएसबी सस्पेंड बंद करा.

सावधान: नव्या पीसीवरून पाठवलेला पहिला प्रोग्राम परत वाचून मूळ फाइलशी ताडून घ्या, मग जॉब न लावता ड्राय रन घ्या. एक अक्षर गळालं तरी टूल चकवर जाऊ शकतं.

पॅरलल पोर्टचं डोंगल यूएसबी कन्व्हर्टरवर चालत नाही. ते कन्व्हर्टर फक्त प्रिंटरसाठी असतात. कंपनीकडून यूएसबी डोंगल बदलून मागा. कंपनीच उरली नसेल तर पॅरलल पोर्टचं जुनं मशीन सांभाळणं हाच सरळ मार्ग. यूएसबी डोंगलसाठी सीडीवरचा ड्रायव्हर वापरू नका, उत्पादकाचा ताजा घ्या. जुना ड्रायव्हर 'मेमरी इंटिग्रिटी'मुळे अडतो, आणि एका डोंगलसाठी ते संरक्षण कायमचं बंद ठेवणं शहाणपणाचं नाही.

टप्पा ८: काहीच जमलं नाही तर व्हर्च्युअल मशीन

व्हर्च्युअल मशीन म्हणजे नव्या पीसीच्या आत चालणारा आभासी जुना पीसी. तो बनवणारं व्हर्च्युअल बॉक्स मोफत आहे आणि विंडोजच्या होम आवृत्तीवरही चालतं. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही साठी विंडोजची प्रो आवृत्ती लागते, शिवाय त्यात यूएसबी डोंगल सरळ आत देता येत नाही.

१. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करा.

२. एक्सपीसाठी १ जीबी मेमरी, १ प्रोसेसर, २० जीबी डिस्क पुरते. जास्त देऊन वेग वाढत नाही.

३. टप्पा १ मधली व्हीएचडी जोडणार असाल तर ती आयडीई कंट्रोलरवर जोडा. साटावर जोडली की एक्सपी निळ्या स्क्रीनवर मान टाकतं. हार्डवेअर बदललं म्हणून एक्सपी पुन्हा ॲक्टिव्हेशन मागेल. ब्रँडेड पीसीसोबत आलेलं लायसन्स त्या पीसीपुरतंच असतं, याचाही विचार आधी करा.

४. नेटवर्क बंद ठेवा. एक्सपीला सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, त्याला इंटरनेटवर सोडायचं कारण नाही.

५. डेटा व्हर्च्युअल मशीनच्या आतच ठेवा आणि रोज रात्री शेअर्ड फोल्डरमधून बॅकअप बाहेर काढा. चालू डीबीएफ थेट शेअर्ड फोल्डरवर ठेवली तर लॉकिंगचा भरवसा नाही.

सावधान: स्नॅपशॉट (व्हर्च्युअल मशीनची त्या क्षणीची जपून ठेवलेली स्थिती) म्हणजे बॅकअप नव्हे. मागच्या महिन्याचा स्नॅपशॉट परत आणला की मधल्या सगळ्या नोंदीही गेल्या.

टप्पा ९: दुकानातली बाकीची मशीनं

जुन्या एक्सपी मशीनवरचं शेअर नव्या विंडोजवरून उघडत नाही, कारण फाइल शेअर करायची जुनी एसएमबी-१ पद्धत आता मुळात बंद असते. कोणीतरी ती चालू करून देईल आणि लगेच चालेलही. करू देऊ नका, रॅन्समवेअरला ती उघडी वाट आहे. डेटाच नव्या मशीनवर हलवा. शेअरला पासवर्ड असलेला युजर द्या. पासवर्डशिवायची गेस्ट पद्धत नव्या आवृत्त्यांत चालत नाही.

डेटाचं फोल्डर डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्समध्ये ठेवू नका. विंडोज ११ ही फोल्डरं बऱ्याचदा वनड्राइव्हला जोडून देतं आणि उघड्या डीबीएफशी वनड्राइव्हची ओढाताण सुरू होते.

टप्पा १०: एक पूर्ण व्यवहार, दोन्हीकडे

'उघडलं, चाललं' एवढ्यावर जुन्या मशीनला निरोप देऊ नका. अडत दुकान असेल तर एका शेतकऱ्याची पट्टी दोन्ही मशीनवर करा: रव्यांची (गुळाच्या ढेपांची) संख्या, वजन, दर, अडत, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. दोन्ही कागद एकमेकांवर धरून उजेडात पाहा, रकाने जुळले पाहिजेत. मग खतावणी, रोजमेळ आणि मागच्या वर्षाचा ताळेबंद काढून शेवटचे आकडे ताडा. मागच्या वर्षाचा मुद्दाम, कारण चालू वर्षाचा डेटा सगळे तपासतात आणि जुनी वर्षं वेगळ्या फोल्डरात राहून जातात.

त्यानंतर मशीन रीस्टार्ट करा आणि छपाई, डोंगल, मॅप केलेला ड्राइव्ह पुन्हा तपासा. विंडोजचं पहिलं मोठं अपडेट झाल्यावर परत एकदा.

रोजचं काम नव्यावर सुरू झालं की जुन्यावर नव्या नोंदी करू नका. दोन्हीकडे थोड्या थोड्या नोंदी झाल्या तर त्या एकत्र करायला हातानं टाइप करण्याशिवाय इलाज नसतो. जुन्या मशीनच्या पॅनलवर 'फक्त पाहण्यासाठी' अशी चिठ्ठी लावा आणि मार्चअखेरचा ताळेबंद नव्यावर निघेपर्यंत ते ठेवा. नंतर विकायचं झालं तर हार्ड डिस्क काढून घ्या, तिच्यावर तारीख आणि सॉफ्टवेअरचं नाव लिहा, डोंगल आणि सीडी त्याच डब्यात टाका आणि मगच बाकीचा सांगाडा भंगारवाल्याला द्या.